नऊ वर्षं आणि सात महिने

"आंटी, आपकी पेन्शन नहीं बनेगी," बुऱ्हाणपूरच्या शनवारा चौकातल्या ऑनलाइन दुकानातला माणूस म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्यायला त्याने हात लांब केला. मी अजून स्टुलावरून उठलेसुद्धा नव्हते. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात असं कोणी अर्ध्यावर सोडून दिलं की मला आवरत नाही. मी म्हटलं, "भैया, आधी मला नीट समजावून सांगा, मग दुसऱ्याचं काम घ्या."

त्याने पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. माझी सूतगिरणीतली नोकरी दिसत होती, साडेपाच वर्षांची. पेन्शनला दहा वर्षं लागतात. दहा नसतील तर एक फॉर्म भरायचा, पेन्शनच्या खात्यात जे काही जमलं असेल ते एकरकमी काढून घ्यायचं आणि विषय संपवायचा. "आज ही भर दूँ?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नको. का नको ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. पर्स उचलली आणि निघाले.

मला अठ्ठावन्न पुरी व्हायला थोडेच महिने उरले होते. गिरणीच्या ऑफिसात मी गोदामाच्या नोंदी ठेवायचे, किती गाठी आल्या, किती सूत गेलं. अठ्ठावन्नला तिथून सगळ्यांनाच निरोप मिळतो. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, पेन्शन बसत नाही म्हणतात. ते जेवत होते. त्यांचं कापडाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. दुकानदाराच्या घरात पेन्शन हा शब्दच नसतो. आमच्याकडे माणूस चालता येईपर्यंत गल्ल्यावर बसतो आणि चालता येईनासं झालं की गल्ल्यामागच्या गादीवर. ते म्हणाले, "मग घे ना एकरकमी. दिवाळीचा माल भरू. कशाला डोकं लावू राहिली?"

आता हे "कशाला" मला सांगायलाच हवं. नवरा माझा वाईट नाही. पैसे मागितले आणि दिले नाहीत असं एकदाही झालं नाही. पण गल्ल्यातून नोट काढता काढता ते विचारायचेच, "कशाला?" माहेरी जायचंय, बहिणीच्या नातवाला काही घ्यायचंय, डोळे तपासायचेत. प्रत्येक वेळी मी उत्तर द्यायचे आणि मग नोट हातात यायची. लॉकडाऊननंतर दुकान पार बसलं तेव्हा मी गिरणीत नोकरी धरली. माझा पगार सरळ दुकानात जायचा आणि मी तो आनंदाने देत होते, घर तरलं त्याच्यावर. पण त्या पगारातलेच पैसे परत मागताना मला "कशाला" ऐकावं लागायचं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की म्हातारपणी ह्या प्रश्नाचं उत्तर देत बसायचं नाही. महिन्याला चार पैसे का होईना, माझ्या खात्यात यावेत आणि त्यांचं काय करते ते कोणी विचारू नये. मला पेन्शन हवी होती ती एवढ्यासाठी. पगार बंद झाला की ते दार कायमचं बंद होणार होतं.

संध्याकाळी कणीक मळताना माझे हात एकदम थांबले. मी लग्नाआधी नोकरी केली होती. चार वर्षं. आणि ती नोकरी कुठेच दिसत नव्हती.

तुम्ही म्हणाल, स्वतःची चार वर्षं कोणी विसरतं का? विसरले नव्हतेच. फक्त माझ्यात धरली नव्हती. गिरणीत लागले तेव्हा पहिल्या दिवशी एक फॉर्म दिला होता. त्यात स्पष्ट विचारलं होतं, यापूर्वी तुमचा पीएफ कुठे कापला जात होता का? मी लिहिलं, नाही. आणि खोटं लिहितेय असं मला मुळीच वाटलं नाही.

त्याचं कारण तांदळाचं ताट. आमच्यात लग्न लागल्यावर लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो. मग साखर वाटतात. वडिलांचं नाव गेलं, आडनाव गेलं, ते तर सगळ्या बायकांचं जातं. माझं स्वतःचं नावही त्या ताटात गेलं. सासूबाई प्रेमळ होत्या, पण त्या दिवशी म्हणाल्या, "आता जुनं नाव ह्या घरात कोणी घ्यायचं नाही." आणि खरंच कोणी घेतलं नाही. आधार कार्ड, बँक, मतदार यादी, सगळं नव्या नावाने झालं. वीस वर्षांनी कोणी विचारलं, आधी नोकरी केली होती का, तर मला वाटलं, ती केली होती त्या दुसऱ्या मुलीने, ती माहेरी राहिली. कणकेचे हात तसेच धरून मी उभी राहिले आणि स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली.

ती मुलगी जसोंडी गावची. वडील गेले तेव्हा भाऊ शाळेत होता, काका केळीची शेती बघत होते आणि घरात नगद पैसा नव्हता. मी टायपिंग शिकले आणि बुऱ्हाणपूरला एका जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात लागले. सकाळच्या बसने जायचे, संध्याकाळी केसांत सरकीचा धुरळा घेऊन परत. भावाची बारावी आणि आयटीआय त्या पगारावर झाली. त्यात माझं लग्न लांबलं, तेहतिसाव्या वर्षी झालं, आणि गावाने त्यावर जे बोलायचं ते बोलून घेतलं. मला कशाचाही पस्तावा नाही.

लग्न ठरलं तेव्हा मी पीएफ काढायला निघाले. तेव्हा सगळ्याच मुली काढायच्या, दागिन्याला लागायचा. फॅक्टरीचे हेड क्लार्क म्हातारे होते, कपाळाला गंध, खिशाला दोन पेनं. त्यांनी माझ्यापुढे दोन फॉर्म ठेवले आणि म्हणाले, "पीएफ काढ पोरी, लग्नाला लागेल. पण पेन्शनच्या भागाला हात लावू नको. त्याचा एक कागद येईल घरी, तो जपून ठेव." मी पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं सोडून दिलं. लग्न ठरलेल्या मुलीला पेन्शन कुठे ऐकू येते? त्यांनी बोट ठेवलं तिथे सह्या केल्या आणि घरी गेले. तो कागद आला की नाही तेही मला माहीत नव्हतं. आला असेल तर जसोंडीच्या पत्त्यावर आला असणार.

रविवारी मी जसोंडी गाठली. आई जाऊन चार वर्षं झालीत, पण तिची लोखंडी पेटी भावाने हलवलेली नाही. आईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिने कुठलाच कागद कधी फेकला नाही. कामाचा कोणता नि बिनकामाचा कोणता हे तिला कळणार कसं? पोस्टमनने आणला की पेटीत. मी पेटी उलटी केली आणि ओसरीवर कागदांत बसले. विजेची बिलं, खताच्या पावत्या, कोणाकोणाच्या लग्नाच्या पत्रिका. भाऊ म्हणाला, "ताई, तासभर काय शोधू राहिली? मला सांग तरी." मी म्हटलं, "माझी चार वर्षं शोधू राहिली, तू चहा ठेव."

कागद सापडला तो आईच्याच रेशन कार्डाच्या घडीत. चार घड्या घातलेला, पिवळा पडलेला, शिक्का मात्र ठळक. वरती लिहिलेलं, योजना प्रमाणपत्र. म्हणजे नोकरी सोडली तरी पेन्शनची वर्षं जमा राहिली, पुढच्या नोकरीत जोडून घ्या, असं सांगणारा कागद. खाली माझं नाव होतं. जुनं. वडिलांच्या नावासकट, सगळंच्या सगळं. ते नाव छापलेलं बघून मला रडू आलं. मी आवरलं नाही. भाऊ चहाचा कप घेऊन तसाच उभा राहिला, त्याला वाटलं कोणी गेल्याची बातमी आहे.

कागदावर सेवा लिहिली होती चार वर्षं एक महिना. मी भावाच्या कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. गिरणीची निवृत्तीच्या दिवसापर्यंत पाच वर्षं सहा महिने भरणार होती. बेरीज नऊ वर्षं सात महिने. मी पुन्हा मांडली, परत नऊ वर्षं सात महिने. दहाला पाच महिने कमी. पाच. त्या फॅक्टरीत एक हंगाम जास्त थांबले असते तरी भागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "मला पाच महिने आणखी ठेवून घ्या, पगार कमी दिलात तरी चालेल." ते भले माणूस. म्हणाले, "ताई, ठेवूनही फायदा नाही. अठ्ठावन्न झाल्यावर पेन्शनच्या खात्यात भरणा होतच नाही." मी केबिनमधून बाहेर आले आणि माझा असा संताप झाला की दुपारचा डबा तसाच घरी गेला. घरी नवरा म्हणाले, "तू प्रयत्न केलास ना? आता जाऊ दे." त्यांना माझं मन राखायचं होतं, पण मला त्या शब्दांचीच चीड आली. मी म्हटलं, "ज्या ऑफिसाची पेन्शन आहे त्या ऑफिसाच्या माणसाने अजून नाही म्हटलेलं नाही. दुकानवाला नाही म्हणाला, मी नाही म्हणाले, तुम्ही नाही म्हणालात. आपल्यातलं कोण तिथे नोकरीला आहे?"

पीएफवाल्यांचं शिबिर लागणार होतं, तसा कागद गिरणीच्या नोटीस बोर्डावर होता. नवऱ्याने दुकान आपल्या भावावर सोडलं आणि स्कूटरवर मला घेऊन आले. रांग मोठी होती. टेबलामागे एक बाई होत्या, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी माझा पिवळा कागद हातात घेतला आणि काळजीने उलगडला, ते मला फार बरं वाटलं. मग त्यांनी गिरणीची सेवा बघितली, बोटांवर काही मोजलं आणि म्हणाल्या, "नौ साल सात महीने. हो जाएगा."

मी म्हटलं, "मॅडम, दस साल लगते हैं."

"लगते हैं. पर छह महीने या उससे ऊपर हो तो पूरा साल गिना जाता है. आपके नौ साल और सात महीने, मतलब दस."

मी त्यांना ते परत सांगायला लावलं. त्यांनी सांगितलं. मी नवऱ्याला हाक मारली आणि म्हटलं, "मॅडम, आता ह्यांच्यासमोर एकदा." त्या हसल्या आणि तिसऱ्यांदा सांगितलं. साडेनऊच्या वर असलं की दहा. इतकी साधी गोष्ट, आणि मी दोन आठवडे पाच महिन्यांसाठी जीव जाळत होते.

पण काम झालं नव्हतं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. "ये तो दो औरतें हैं," त्या म्हणाल्या. पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं. मी तांदळाच्या ताटाची गोष्ट सांगितली. त्यांना ती कळली, त्या स्वतः रतलामकडच्या असल्या तरी शेजारी मराठी होते म्हणे. पण तांदळात लिहिलेलं फायलीला जोडता येत नाही. त्यांनी एका चिठ्ठीवर काय काय लागेल ते लिहून दिलं. लग्नाच्या नोंदणीचा दाखला, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं शपथपत्र, आणि गिरणीच्या साहेबांच्या सहीने दुरुस्तीचा अर्ज. एकदा दोन्ही नोकऱ्या एका नंबरखाली आल्या की मग महिन्याच्या पेन्शनचा फॉर्म.

आता आमचं लग्न कुठे नोंदवलेलं होतं? मंगल कार्यालयात लागलं, गाव जेवलं, संपलं. पंचवीस वर्षांनी आम्ही दोघं लग्न नोंदवायला निघालो. अल्बममधून हार घालतानाचा फोटो काढला. त्यात यांना भरपूर केस होते. जसोंडीच्या पेटीतल्या ढिगातून आमचीच पत्रिका निघाली, तिच्यात माझं जुनं नाव आणि यांचं नाव एका ओळीत. भाऊ केळीची कापणी सोडून साक्षीदार म्हणून आला, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू दुसऱ्यांदा बहीण देतोय. खिडकीतल्या कारकुनाने तारीख वाचली, आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "इतने साल क्या कर रहे थे?" मी म्हटलं, "गृहस्थी." मागची रांग हसली आणि तोही हसला.

शपथपत्रावर मला दोन्ही नावांनी सही करायची होती. नवीन नावाची सही सरळ आली. जुन्या नावाला पेन टेकवलं आणि हात थांबला, मग अक्षरं आपोआप आली, शाळेतली, जरा तिरकी. वकिलाने विचारलं, दोन्ही आपणच ना? मी म्हटलं, दोन्ही मीच. मला ते म्हणताना किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी दोघींना एकत्र उभं केलं होतं.

साहेबांनी अर्जावर सही केली, फाइल गेली, एकदा फोटो धूसर म्हणून परत आली, पुन्हा गेली. मी दर सोमवारी मोबाइलवर बघायचे. एका सोमवारी दोन्ही नोकऱ्या एकाखाली एक दिसल्या. मग आम्ही पेन्शनचा फॉर्म घेऊन त्याच बाईंपुढे बसलो. फॉर्मवर माझ्या एकटीच्या फोटोऐवजी आम्हा दोघांचा फोटो मागितला होता. यांनी विचारलं, "नोकरी तर हिची आहे, मग माझा फोटो?" बाई म्हणाल्या, "इनके बाद पेन्शन का आधा हिस्सा आपको मिलेगा. जिंदगीभर." आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. तिथे माझ्या मागे पेन्शन कोणाला जाईल ते लिहायचं होतं. मी यांचं नाव लिहिलं. आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर यांच्या नावाखाली मी होते, रेशन कार्डापासून विम्यापर्यंत. पहिल्यांदाच माझ्या नावाखाली हे आले.

येताना त्यांनी स्कूटर घराकडे न वळवता राजघाटाला नेली. तापीला पाणी बरं होतं, पायऱ्यांवर बायका कपडे आवरत होत्या. पायरीवर बसून ते म्हणाले, "मला सारखी काळजी असायची, माझ्यामागे तुझं कसं होईल. तू माझीच सोय करून ठेवलीस." मी काही तिखट बोलणार होते, जिभेवर आलं होतं, पण गिळलं. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कापड विकलं, आणि पेन्शनवर नाव लागलेले हे पहिले पुरुष.

अठ्ठावन्न भरली, गिरणीत शाल-नारळ झालं. पण शेवटचे दोन महिने मी दुपारच्या सुट्टीत जेवले थोडं आणि बोलले जास्त. एकेकीला धरून विचारायचे, "आधी कुठे काम केलं होतं का? आणि तेव्हा नाव काय होतं?" पॅकिंगमधल्या दोघींनी तोंडावर हात ठेवला. एकीने लग्नाआधी बिस्किटाच्या कारखान्यात सहा वर्षं काढली होती आणि फॉर्मवर माझ्यासारखंच "नाही" लिहिलं होतं. मी तिला म्हटलं, "उद्या माहेरी जा आणि आईच्या पेट्या उलट्या कर. आणि ते दुकानवाले एकरकमी घ्या म्हणाले तर माझ्याकडे पाठव त्यांना." तिचंही काम मार्गी लागलं. अजून कधी कधी बायका घरी येतात, पिशवीतून कागद काढतात, आणि मी चष्मा लावून बसते.

पेन्शनची रक्कम लहान आहे. कोणाला सांगितली तर हसेल. पहिल्या महिन्याचा मेसेज आला तेव्हा मी भाजी निवडत होते. बँकेत गेले, पैसे काढले आणि चालत दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, हे गल्ल्यावर होते. मी गादीवर न जाता गिऱ्हाइकाच्या बाजूने बसले. म्हटलं, "शर्टाचं कापड दाखवा. चांगलं."

त्यांना वाटलं थट्टा आहे. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी दोन ताके उतरवले. मी तिसरा मागितला, वरच्या फळीवरचा. तो त्यांनी पंचवीस वर्षांत हजारांना विकला असेल, स्वतः कधी घातला नाही. आमच्याकडे घरच्या पुरुषांचे शर्ट उरलेल्या तुकड्यांतून होतात, रंग कोणता तेही तुकडा ठरवतो. मी कापड चिमटीत धरून बघितलं आणि म्हटलं, "ह्याचंच द्या. भाव वाजवी लावा, आणि बिल फाडा."

"माप कोणाचं?" त्यांनी गज हातात घेत विचारलं.

"तुमच्याच अंगाचा आहे माणूस," मी म्हटलं. "माझ्या पेन्शनीत अर्धा हक्क आहे त्याचा."

त्यांनी गज खाली ठेवला, चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि मोजून सव्वादोन मीटर कापड फाडलं. मी पैसे मोजून दिले. त्यांनी ते घेतले, गल्ल्यात टाकले, आणि माझ्या नावाचं बिल लिहायला बसले. पेन टेकवून ते थांबले.

"कोणतं नाव लिहू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दोन्ही लिहा."